राघूचा फोल्डर

१

दसऱ्याच्या संध्याकाळी, आपट्याची पानं द्यायला निम्मं गाव घरात आलेलं असताना, हौशीरामाचा थोरला मुलगा राघू दुसऱ्यांदा गेला.

पहिल्यांदा गेला तो दोन वर्षांपूर्वी, उसाच्या ट्रॉलीखाली सापडून. लग्न व्हायचं होतं त्याचं. मागे राहिली त्याची पक्कड, पाने, एक छोटा कॅमेरा आणि त्याने हौसेनं घरी आणलेला कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरात ‘राघू’ नावाचा एक फोल्डर होता आणि त्यात त्याचे सगळे फोटो होते. छापून घेऊ, छापून घेऊ असं सगळे म्हणत राहिले आणि कुणीच छापून घेतले नाहीत. रोज दिवेलागणीला त्याची आई चिमाबाई कॉम्प्युटरची पेटी चालू करायला लावायची आणि लेकाचं तोंड बघायची. त्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तर दसऱ्याच्या संध्याकाळी हौशीराम कौतुकानं म्हणाला, "सूनबाई, राघूचे फोटो दाव जरा मंडळींना."

तेजस्विनी म्हणजे धाकट्या सूरजची बायको, वर्षापूर्वी या घरात आलेली. तिने कॉम्प्युटरवरचा झेंडूचा हार उतरवला, बटण दाबलं. पडद्यावर लाल चौकट आली आणि चौकटीत राघूचं नाव. "आबा, हा खोटा फोल्डर आहे. काढून टाकते," असं म्हणून तिने सगळ्यांच्या समोर माउस दाबला. पिवळा फोल्डर गडप झाला. त्याच्या जागी काहीच आलं नाही.

मग भिंतीला टेकून बसलेली चिमाबाई बोलली, "पुसला. माझा राघू पुसला तिनं."

पुढे व्हायचा तो गलका झाला. तेजस्विनी काही सांगायला गेली, तर तिच्या नवऱ्यानेच भिंतीतला प्लग उपटला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओझरला, भगवंत जमादाराच्या घरी फोन वाजला.

"पावणं, तुमची भाची घेऊन जावा," हौशीराम म्हणाला. "येताना जीपच घेऊन या. सामान बी हाये."

२

भगवंत जमादार घोडेगावच्या पोलीस ठाण्यातून निवृत्त झालेला माणूस. खाकी गेली तरी नाकावरचा राग काही गेला नव्हता. कॉम्प्युटरातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण खोटं बोलणारा माणूस पाय कसा हलवतो ते कळत होतं. तेजस्विनी त्याच्या मेलेल्या बहिणीची पोर. लहानाची मोठी त्यानेच केली होती, आणि हे स्थळही त्यानेच शोधलं होतं. सासरने अशा धाडून दिलेल्या पोरीच्या मागे काय काय चिकटतं ते त्याने नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. मेलेल्या दिराला पुसणारी सून! असं नाव एकदा पडलं की आंबेगाव काय आणि जुन्नर काय, तिला उजळ माथ्याने कुठे फिरता येणार नव्हतं. त्याने जीप घेतली खरी, पण ती रिकामी परत न्यायची असं ठरवूनच.

पारगावच्या अलीकडची ती वाडी. दारात जीप थांबली तरी कुणी "या" म्हटलं नाही. पाण्याचा तांब्या पुढे आला नाही. व्याह्याच्या घरी असं स्वागत म्हणजे तोंडात मारल्यासारखंच.

"आमी मारलं न्हाई, झोडलं न्हाई," हौशीराम ओसरीवरूनच म्हणाला. "पण आता तिला ह्या घरात ठिवनं जमायचं न्हाई. दुपारी आमी दसऱ्याची मांडणी उचलतो. त्याच्या आत निघा."

"दुपारच्या आत कोण चुकलं ते कळलं, तर?" भगवंताने विचारलं.

"कळायचं काय राहिलंय? सगळ्या गावानं बघितलं."

"गावानं पोरीचं बोट बघितलं. बोटाच्या आधी काय झालं ते बघायचंय मला."

सूरज दाराच्या चौकटीला टेकून मोबाइल चाळत होता. त्याने मान वर केली नाही. त्याची बहीण आरती, मंचरला कॉलेजात जाणारी, रडून रडून डोळे सुजलेली, पुढे आली आणि म्हणाली, "मामा, ते फोटो परत येतील का वो?" हौशीरामाचाही आवाज जरा उतरला. "पुण्यात कुणी काढून देतं का, ते तरी बघा," तो म्हणाला.

"देतात," तेजस्विनी आतून बोलली. रात्रभर जागी असूनही तिचा आवाज सरळ होता. "पुसलेलंसुद्धा पुष्कळदा परत मिळतं. पण तोवर ही पेटी कुणाला द्यायची नाही, तिच्यावर नवीन काही भरायचं नाही. कालच सांगणार होते मी."

चिमाबाई ओसरीच्या कोपऱ्यात बसली होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "ही कवा जानार?"

भगवंताने भाचीला माजघरात कॉम्प्युटरापुढे बसवलं आणि दार लोटून घेतलं. "पहिल्यापासून सांग. मी अडाणी आहे असं समजून सांग."

तेजस्विनीने सांगितलं. या पेटीत आधी मंचरच्या पप्पूने दिलेली अँटीव्हायरसची सीडी टाकलेली होती. नाव मोठ्या कंपनीचं, पण सीडी चोरून उतरवलेली. ती कधी ताजी व्हायचीच नाही. नवे व्हायरस समोरून जायचे आणि हिला पत्ता नाही. तेजस्विनी घरी बसून लग्नपत्रिका, बचत गटाचे अर्ज असं टाइपिंग करायची. माणसं आपापली कामं घेऊन येणार, म्हणजे बाहेरची घाण येणारच. तेव्हा तिने नेटवर चार ठिकाणी वाचून, नीट पारखून एक फुकटातलं अँटीव्हायरस निवडलं.

"फुकटातलं? आणि त्याच्यावर भरवसा?"

"फुकट म्हणजे सगळं बोगस नसतं, मामा. जाहिरातीत लाललाल चमकतं, ‘तुमच्या कॉम्प्युटरला धोका’ म्हणून ओरडतं, ते घ्यायचं नाही. ते स्वतःच चोर असतं. हे मी बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेतलं. रोज आपलं आपण ताजं होतं. आणि आधी पप्पूचं काढून टाकलं, मगच हे घातलं. एका पेटीत दोन ठेवली की ती एकमेकांनाच धरतात."

"दोन ठाण्यांच्या पोलिसांसारखी," भगवंत म्हणाला. हे त्याला लगेच पटलं.

"सप्तमीला ताजं झाल्यावर ह्याने लाल चौकट दाखवली. एक व्हायरस आहे, तो खरा फोल्डर लपवून टाकतो आणि त्याच नावाचा खोटा पुढे ठेवतो. खोट्यावर दाबलं तरी फोटो दिसतात, म्हणून कुणाला कळत नाही. मी तेव्हाच म्हटलं, हा खोटा आहे, काढावा लागेल. तेवढ्यात लाईट गेली. अष्टमीला मी दिवसभर गटाच्या बायकांबरोबर, रात्रीच घरी आले, म्हणून त्या दिवशी पेटी लावलीच नाही. खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली, हार पडला. हार पडला की दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, ही ह्या घरची रीत. म्हणून म्हटलं, दसरा झाला की काढते. काल मी खोटाच काढला, मामा. खरा लपलेला असणार. तो उघड करून दाखवणार, तर ह्यांनी प्लग उपटला."

"मग दाखव आता."

तिने कुठल्याशा यादीत जाऊन एक खूण बदलली. पडद्यावर फिकट, धुकट पिवळा असा एक फोल्डर उमटला. राघू. तेजस्विनीने हसून मामाकडे बघितलं आणि तो उघडला.

आत काहीही नव्हतं.

तिचं हसू जागच्या जागी वाळलं. "असं नाही होत," ती म्हणाली. "व्हायरस फोल्डर लपवतो, रिकामा करत नाही. अँटीव्हायरसनेही खोटा काढला, ह्याला हात लावला नाही. मामा, हे फोटो कुणीतरी हाताने काढलेत."

३

सप्तमीच्या संध्याकाळी, लाईट जायच्या आधी, फोटो जागेवर होते. रोजच्यासारखे सगळ्यांनी पाहिले होते. खंडेनवमीच्या सकाळी हार पडला आणि तो दसऱ्याच्या संध्याकाळी तेजस्विनीनेच उतरवला. हार तुटला नव्हता, सुकून जागच्या जागी चिकटला होता. म्हणजे जे झालं ते अष्टमीला. भगवंताने एवढं मनाशी बांधलं आणि आरतीला परसात बोलावलं.

"अष्टमीला कुठं होतीस?"

"कालिजात."

"पेटीला व्हायरस कुणी आणला?"

"मला काय ठावं?" आरती म्हणाली, आणि तिचा उजवा अंगठा चपलेत आत-बाहेर व्हायला लागला.

भगवंत काही बोलला नाही. अशा वेळी गप्प बसणं किती कामाचं असतं ते त्याला नोकरीने शिकवलं होतं. जरा वेळाने आरतीने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि बोटाएवढा एक पेन ड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला.

"मैत्रिणीकडनं गाणी आणली व्हती," ती म्हणाली. "वहिनी म्हनली व्हती, आधी तपासल्याबिगर लावू नको. मी लावला. घटस्थापनेच्या आधीच. त्याच्यातनंच आला आसंल. मामा, आबांना सांगू नका, ते कालिज बंद करतील माझं."

"आणि काल सगळे तुझ्या वहिनीवर तुटून पडले तेव्हा तू गप्प बसलीस."

आरतीने मान खाली घातली. भगवंताला तिची दया आली नाही. स्वतःची कातडी वाचवायला दुसऱ्याला आत ढकलणारी माणसं त्याने जन्मभर पाहिली होती, आणि त्यातली निम्मी अशीच कोवळ्या तोंडाची होती. पण फोटो हिने काढले नव्हते. हिला फोटो हवे होते. सकाळपासून तिने ते परत येतील का म्हणून त्यालाच तीनदा विचारलं होतं.

"हा माझ्याकडे राहू दे," म्हणून त्याने पेन ड्राइव्ह खिशात टाकला. "अष्टमीला घरात कोण होतं?"

"आबा पारगावला कारखान्यावर गेलते, दादा कंपनीत. आईच व्हती की. नवरात्रात ती घट सोडून उठत न्हाई. अखंड दिवा आसतो ना."

भगवंत तडक माजघरात गेला. चिमाबाई आता तिथे येऊन बसली होती. घटाची जागा सारवून कोरी केलेली होती. तिथून बरोबर समोर, हाताच्या अंतरावर, कॉम्प्युटरचं टेबल.

"विहीणबाई," त्याने विचारलं, "अष्टमीला ह्या पेटीपाशी कोण आलं होतं?"

"कोन बी न्हाई," चिमाबाई म्हणाली. पदर नीट करत तिने पुन्हा विचारलं, "तुमी जीप कवापर्यंत थांबवलीय?"

४

मंचरला पप्पूच्या दुकानात सीडींची चवड होती आणि चवडीवर धूळ. पप्पू राघूचा जिवाभावाचा दोस्त. राघूला कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिला होता.

"या काका," तो म्हणाला, आणि भगवंत कुणाचा मामा हे कळताच त्याचं तोंड आंबट झालं. "तुमच्या भाचीनं माझी सीडी काढून फेकली. जिकडं तिकडं सांगत फिरती, पप्पूचा माल बोगस हाये. आता भोगा म्हनावं. फुकटात कुठं राखणदार भेटतो का?"

"तू कधी गेला होतास त्यांच्या घरी?"

"गणपतीपास्नं पाऊल टाकलं न्हाई. आपला अपमान झाल्यावर कशाला जायाचं?"

भगवंताने अडाण्याचं सोंग छान वठवलं. "मला बाबा ह्यातलं काही कळत नाही. काल पोरीने काहीतरी दाबलं आणि फोल्डर दिसेनासा झाला, एवढंच ऐकलंय. तो परत आणता येईल का?"

"आनून काय उपेग? फोल्डर आसंल आत लपल्याला, पन हाये रिकामा. फोटो काय त्याच्यात न्हाईत आता." पप्पूने स्क्रू पिळत सांगितलं. "फुकटाची चीज सगळं खाती काका. लिहून ठिवा."

त्याने चहा मागवला होता. भगवंताने दोन घोट घेतले, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बरं झालं, भेटलास." जीपमध्ये बसल्यावर त्याने ड्रायव्हरला वाडीकडे घ्यायला सांगितलं, आणि जरा जोरात घ्यायला सांगितलं.

५

तो पोचला तेव्हा मांडणी उचलायची तयारी चालली होती. एका मोठ्या पाटावर हौशीरामाचे कोयते, विळे, पंपाचे पाने, वजनकाटा. बाजूला एक छोटा पाट वेगळा. त्यावर फक्त राघूची हत्यारं होती. थोरला गेल्यापासून हा पाट चिमाबाई एकटी मांडायची आणि एकटीच पुजायची. दुसऱ्या कुणी त्यावर कुंकवाचं बोट टेकवलेलं तिला खपत नसे. हे तेजस्विनीने वर्षभरापूर्वी एकदा चुकून करून पाहिलं होतं आणि आठवडाभर बोलणी खाल्ली होती.

"थांबा," भगवंत म्हणाला. "हा पाट तेवढा राहू द्या."

तो उकिडवा बसला. पक्कड, टेस्टर, कॅमेरा. सगळ्यावर हळद-कुंकू, आणि मग वरून मूठ-मूठ उधळलेल्या अक्षता. हळदीने अख्खा पाट पिवळा झालेला. फक्त पक्कड आणि कॅमेऱ्याच्या मध्ये एक बोटभर जागा कोरी होती. तिथे एक दाणा नाही, हळदीचा कण नाही. पूजेच्या वेळी तिथे काहीतरी होतं आणि नंतर कुणीतरी ते अलगद उचललं होतं.

भगवंताने खिशातून आरतीचा पेन ड्राइव्ह काढला आणि त्या जागेवर ठेवला. कोरी जागा बरोबर झाकली गेली.

त्याने तो पुन्हा खिशात घातला, उठला आणि हात झटकले. "हौशीरामभाऊ, माझं काम झालं. पोरगी मी घेऊन जातो. आता भांडण नको. एकच करा, ती पेटी मंचरच्या भंगारवाल्याला देऊन टाका. अपशकुनी चीज घरात कशाला?"

"आसं कसं?" हौशीराम दचकला. "पुण्याला न्यायची म्हनला ना? आत राघू आसंल तर?"

"आबा, नका देऊ," आरती रडायलाच लागली.

"द्या की," चिमाबाई म्हणाली. "जाऊ द्या तिला बी आन पेटीला बी."

भगवंत तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याचा राग सकाळपासून आत कोंडला होता, तो आता आवाजात उतरला.

"विहीणबाई, ज्याचं हरवतं तो माणूस काय विचारतो, ठाऊक आहे? सापडेल का. ह्या घरात हौशीरामभाऊंनी मला ते विचारलं, आरतीने विचारलं. तुम्ही नाही. तुम्ही दोनदा विचारलं ते एवढंच, की ही जाणार कधी. रोज लेकाचं तोंड बघितल्याशिवाय न जेवणारी आई, त्याचे फोटो मिळायची एकच जागा उरलेली, आणि ती भंगारात द्या म्हणते. कारण फोटो त्या पेटीत नाहीत हे तिला पक्कं माहीत आहे."

"पावणं, तोंड सांभाळा," हौशीराम उसळला.

"सांभाळूनच बोलतोय. फोटो अष्टमीला गेले. अष्टमीला तुम्ही कारखान्यावर, सूरज कंपनीत, आरती कॉलेजात, तेजू गटात. घरात फक्त घट आणि घटापाशी ह्या. त्या दिवशी मंचरचा पप्पू इथे आला होता. तो म्हणतो, गणपतीपासून पाऊल टाकलं नाही. पण लपलेला फोल्डर रिकामा आहे हे आज सकाळी मी आणि तेजूने पाहिलं, आणि आम्ही कुणाला सांगितलं नाही. हे त्याला कुठून कळलं? त्यानेच रिकामा केला म्हणून कळलं. घटासमोर बसलेल्या बाईला चुकवून त्याला ते करता येत नव्हतं. तरी ह्या म्हणतात, कुणी आलं नाही. आणि हा पाट बघा. चोरी लपवायची तर चोर माल अडगळीत टाकतो. ह्यांना ते जमलं नाही. लेकाची हत्यारं पुजायची आणि लेकालाच बाजूला ठेवायचं, हे आईच्या हातून व्हायचं नाही. ह्यांनी राघूला पाटावर ठेवला, हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. काल गलका झाल्यावर उचलून घेतला. आता तो कुठे आहे ते ह्यांनीच सांगावं."

चिमाबाईचा हात कमरेच्या चंचीवर गेला. सुपारी-अडकित्त्याच्या मधून तिने कुंकवाने माखलेला एक पेन ड्राइव्ह काढला आणि मूठ आवळून धरली.

६

"लाल अक्षरात त्याचं नाव आलं," ती म्हणाली. ती रडत नव्हती. तिचं बोलणं नुसतं रागाचं होतं. "मी इचारलं, काय लिवलंय? तर ही म्हनती, धोका. माझं पोरगं धोका? वर म्हनती, दसरा झाला की काढून टाकते. पप्पूला बोलावलं. तो राघूचा दोस्त, तो म्हनला, ही फुकटाची चीज समदं खाती. मी म्हनलं, मग मला काढून दे राघूला. तिथं काय बी ठिवू नको."

"तिथवर ठीक आहे," भगवंत म्हणाला. "काल संध्याकाळी हिच्यावर सगळे तुटून पडले, तेव्हा चंची उघडायची होती. ‘पुसला’ म्हणून तुम्हीच ओरडलात."

चिमाबाईने तेजस्विनीकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. "ह्या दारात थोरल्याचा मांडव पडायचा व्हता. पडला धाकट्याचा. ही आली ती त्याच्या खुर्चीवर बसली. त्याच्या पेटीवर लोकांच्या पोरांच्या लग्नाच्या पत्रिका काढायला लागली. रोज हळद, रोज मुहूर्त. माझ्या पोराचा मुहूर्त मातीत गेला आन ही त्याच्यावर पत्रिका काढती. मला वाटलं, जाऊ दे हिला. जीव थंड व्हईल माझा."

हौशीरामाने डोकं धरलं. आरती भिंतीकडे तोंड करून उभी होती. भगवंताला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की आपल्याला बरं वाटेल. त्याला काही बरं वाटलं नाही. त्याला त्या बाईचा राग येत होता आणि तिचं दुःख खोटंही वाटत नव्हतं, त्यामुळे राग आणखीच येत होता.

तेजस्विनीने हात पुढे केला. "आई, द्या इकडे."

"न्हाई."

"हासुद्धा त्याच पेटीतून निघालाय. ह्यातही व्हायरस असणार. दुसऱ्या कुठे लावलात तर काय होईल, मला माहीत नाही. इथे लावला तर मी काढून देईन."

मग चिमाबाईने मूठ उघडली. तेजस्विनीने पदराने कुंकू पुसलं, फटीतले तांदळाचे तुकडे नखाने काढले आणि तो पेटीच्या मागच्या बाजूला बसवला. पडदा क्षणभर तसाच राहिला आणि मग लाल चौकट आली. त्यात राघूचं नाव होतं. काल होतं तसंच.

चिमाबाई उठून टेबलापाशी आली.

"हा खोटा आहे," तेजस्विनी म्हणाली. "त्याचं नाव लावून बसलेला. हा गेल्याशिवाय खरा उघडणार नाही. काल मी कुणाला विचारलं नाही, ते चुकलं माझं. आज विचारते. दाबू का?"

"आन त्यो गेला तर?"

"मग मला बोल लावा. आजवर लावलाय तसा."

चिमाबाईने डोळे मिटून घेतले. "दाब," ती म्हणाली.

पिवळा फोल्डर गडप झाला. तेजस्विनीने ती मघाची खूण बदलली. धुकट फोल्डर वर आला, तिने तो उघडला, आणि पडदाभर राघू आला. ट्रॅक्टरवर बसलेला, ओझरच्या जत्रेत टोपी घातलेला, विहिरीच्या कठड्यावर पाय सोडून हसणारा. चिमाबाईने पडद्यावर हात ठेवला आणि मग ती रडली. तेजस्विनीने सगळे फोटो पेटीत उतरवून घेतले, एका सीडीवर घातले, सीडी हौशीरामाच्या हातात दिली.

"पावणं," हौशीराम म्हणाला. सकाळचा ताठा पार उतरला होता. "चूक आमची हाये. गावाला मी सोता सांगतो. सूनबाई, झालं गेलं इसरून जा. हे घर तुझंच हाये. आरते, पावण्यांना पानी आन."

भगवंताच्या मनावरचं ओझं खाली आलं. पोरीच्या नावावरचा डाग निघाला होता, घर राहिलं होतं. जीप रिकामी जाणार होती. तो खाटेवर बसला आणि तांब्याला हात लावणार, तोच तेजस्विनी नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. सूरज सकाळपासून होता तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून.

"अहो, तुम्हाला एकच विचारते," ती म्हणाली. "काल प्लग उपटलात तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? मी खरंच पुसले असतील?"

सूरजने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. "आता ते कशाला काढती? सापडलं ना सगळं?"

"मी फोटोंचं विचारत नाही."

"मला काय कळतंय त्या कॉम्प्युटरातलं?" तो चिडून म्हणाला. "समदी म्हनत व्हती. मला काय म्हाईत?"

तेजस्विनीने मान हलवली. ती आत गेली आणि आपलं सामान घेऊन बाहेर आली. भगवंत उठला, "तेजू, अगं, आता कशाला," असं काहीतरी बोलला, पण तिने त्याच्याकडे बघितलं आणि तो गप्प झाला. जन्मात त्याला आरोपींनी गप्प केलं नव्हतं.

"काल मी गेले असते तर हाकलली म्हणून गेले असते," ती हौशीरामाला म्हणाली. "आज तसं नाही. आबा, गावाला सांगणार आहात ना, तर हेही सांगा. सून आपल्या पायाने गेली."

"आगं पन ह्यो तुझा नवरा हाये," हौशीराम काकुळतीला आला. "त्याला न्हाई कळलं."

"आई तरी राघूभाऊंसाठी खोटं बोलल्या," तेजस्विनी म्हणाली. "ह्यांनी माझ्यासाठी खरंसुद्धा विचारलं नाही."

ती चिमाबाईच्या पाया पडली, आणि मामाच्या पुढे चालत अंगण उतरली.